त्याच्या डब्यातली थरथर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालंय. सकाळी दूध घेऊन परतताना तिथून तारांना डाग देताना राळ जळल्याचा वास येतो. थोडा देवळातल्या धुपासारखा, थोडा घसा खवखवणारा. बाकीचे लोक नाकाला रुमाल लावून पुढे जातात, मी मात्र पिशवी हातात धरून तिथेच रेंगाळतो. बघणाऱ्याला वाटत असेल, म्हाताऱ्याला जुनं काही आठवलं. आठवतं की! ह्याच वासात दिवसभर बसणारा माझा एक मित्र होता, तो आठवतो. पण ती आठवण गोडबीड काही नाही. खरं सांगू? पोटात दुखतं. केस गेले, दात गेले, एवढा सगळा पसारा आवरत आला, आणि हा मत्सर तेवढा जागच्या जागी आहे.

मी पेटीवाला. वाजवायचो बरी, पण माझं नाव होतं ते पेटी जुळवण्यात. चांगल्या पेटीत एका पट्टीमागे दोन-दोन पितळी रीड असतात. दोघी किंचित वेगळ्या बोलल्या की सूर थरथरतो, लाट आल्यासारखा फुगतो आणि बसतो. ती थरथर कानशीने घासून घासून मारायची, हाच माझा धंदा आणि हाच माझा देवधर्म. जुळवताना पट्ट्यांच्या फटीत आगपेटीची काडी खोचायची, म्हणजे दाबलेली पट्टी वर येत नाही आणि आपल्याला निवांत ऐकता येतं. सोलापुरातल्या किती भजनी मंडळांच्या पेट्या माझ्या ओसरीवर येऊन बसलेल्या असायच्या. बोटांच्या चिरांमध्ये पितळेचा चुरा कायम, जेवतानाही भाकरीवर चमकायचा. ‘ह्याचा कान लई तयार हाय,’ असं कुणी म्हटलं की दिवसभर जमिनीवर पाय ठरायचे नाहीत. माझ्याकडे दुसरं होतंच काय मिरवायला?

तो मित्र पूर्व भागातल्या विणकराच्या घरचा. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी मराठी. रेडिओ दुरुस्त करायचा आणि आमच्या वाद्यवृंदात एक साधासा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवायचा. वाजवायला बेताचाच, उगाच कशाला खोटं बोलू. त्या कीबोर्डचा आवाजही कानाशी डास यावा तसा. आमचे मास्तर कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, दर रविवारी सकाळच्या गाडीने तालमीला यायचे. वृंदात चार व्हायोलिनवाले होते, ते नोकरी-बदलीपायी एकेक करून गेले आणि आमचा आवाज भाकरीला चटणी नसावी तसा कोरडा झाला. एका रविवारी मास्तर हातातली छडी खाली ठेवून म्हणाले, ‘‘अरे, मागचा पडदाच गेला की. गाणाऱ्याच्या पाठीशी वीसजण उभे आहेत असं वाटायला पाहिजे. कोण करतंय हे?’’ मी म्हणालो, ‘‘मी करतो.’’ त्याच क्षणी तोही म्हणाला, ‘‘मी बघतो की.’’ मला तेव्हाच झोंबलं.

मी तीन रीडची पेटी बांधली. तिन्ही इतक्या तंतोतंत जुळवल्या की थरथरीचं नावसुद्धा उरलं नाही. आयुष्यात इतकं स्वच्छ काम मी केलं नव्हतं. तालमीला वाजवून दाखवली आणि छाती काढून बसलो. मास्तर म्हणाले, ‘‘सुरेल आहे. अगदी सुरेल आहे. पण एकच माणूस गातोय रे.’’ मग त्याने आपला डबा काढला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत तारांचं जंजाळ. कीबोर्डची वायर त्यात गेली, दुसरीकडून बाहेर आली, आणि त्या डासाच्या जागी अख्खी रांगच्या रांग उभी राहिली! व्हायोलिनवाले परत आले की काय म्हणून तबलजीने दाराकडे पाहिलं. मी पण पाहिलं, देवाशपथ.

‘‘हे कसं केलंस?’’ मास्तरांनी विचारलं. तो लाजून म्हणाला, ‘‘आमच्या शेडातले माग ऐकलेत का सर? सगळे सारखेच, पण त्यांचे ठोके एकदम कधीच पडत न्हाईत. एक जरा मागं, एक जरा पुढं. म्हणून तर गल्ली वाजती. बरोबर एकदम पडले, तर एकच माग चाललाय वाटंल की.’’ डब्यात त्याने तेच केलं होतं. एका सुराचे तीन वाटे केले. एक सरळ सोडला, दोन क्षणाच्या बारीक तुकड्याएवढे मागे ठेवले, आणि ते मागे राहणंही सतत थोडं कमी-जास्त होत राहील अशी सोय केली. म्हणजे एकच सूर स्वतःशीच जरासा न जुळणारा. जी थरथर मारण्यात मी जन्म घालवला, ती ह्या गड्याने मुद्दाम आणून बसवली होती, आणि लोक माना डोलावत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

डब्यात एक खोट मात्र होती. आवाज हलायचा जरा जास्त. मास्तर म्हणाले, ‘‘बाबा, बोटीत बसल्यासारखं होतंय.’’ आत एक बारीकसा स्क्रू होता, तो फिरवला की हलणं कमी-जास्त व्हायचं. पुढचे कित्येक दिवस तो त्या स्क्रूशी झटत होता, पण त्याला ती जागा सापडेना. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं कुठे चुकतंय. सांगितलं नाही. का सांगू? माझी पेटी कोपऱ्यात पडली होती, तिला कुणी हात लावत नव्हतं.

गणपतीत कर्नाटकाच्या सीमेजवळ मैंदर्गीला कार्यक्रम होता. दुपारी मांडवात सामान लावून सगळे चहाला गेले, तोही गेला. मी एकटाच राहिलो. डबा उघडा, शेजारी स्क्रूड्रायव्हर, आणि कीबोर्डचा सूर चालूच, कारण पट्टीत आगपेटीची काडी खोचलेली. माझ्याकडूनच शिकला होता. मी ठरवलं, आज ह्याचा डबा असा बिघडवायचा की भर मांडवात फजिती झाली पाहिजे. स्क्रू फिरवला. सूर नुसता गरगरायला लागला. आता उठून जायचं, बस्स! पण मला उठवेना. बेसूर झालेला सूर तसाच सोडून मी आजवर कुठल्या ओसरीवरून उठलो नव्हतो. हात मागे फिरला, किंचित अजून फिरला, आणि एका जागी सगळी थरथर अशी मऊ पसरली की माझ्याच अंगावर काटा आला. तिथून पुढे मला तो स्क्रू हलवता आला नाही. चडफडत उठलो आणि चहाला गेलो.

त्या कार्यक्रमात पहिलं गाणं संपल्यावर एक कानडी म्हातारे पडद्यामागे आले, ‘‘पिटीलवाले यल्ली?’’ असं विचारत व्हायोलिनवाले शोधत फिरले. मास्तरांनी सगळ्यांसमोर माझ्या मित्राला मिठी मारली. मी टाळ्या वाजवल्या. पुढे त्याने तसे कितीतरी डबे केले, लांबलांबचे वाद्यवृंद त्याच्याकडे यायला लागले, शेवटी तो हैदराबादला जाऊन मोठा झाला. प्रत्येक डब्यात तो स्क्रू माझ्याच जागेवर. लोक त्याचं कौतुक करायचे आणि मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, तो कान माझा आहे! पण ते सांगायचं तर आधी माझा हात तिथे कशाला गेला होता हे सांगावं लागलं असतं. मी गिळून बसलो.

गेल्या महिन्यात तो सोलापूरला आला. आता कानात मशीन घालतो. आम्ही त्याच दुकानापाशी उभे होतो, राळेचा वास येत होता, आणि काय झालं कोण जाणे, मी बोलून गेलो, ‘‘मैंदर्गीला तुझा स्क्रू मी फिरवला होता. बिघडवायलाच बसलो होतो.’’

‘‘ठाऊक हाय की,’’ तो म्हणाला. ‘‘स्क्रूवर पितळेचा चुरा होता.’’

‘‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?’’

‘‘डबा उघडा कुणी ठेवला होता? काडी कुणी खोचली होती?’’ तो हसला. ‘‘मागितलं असतं तर तू दिलं असतंस का रे?’’

खरंच दिलं नसतं.

आता ती थरथर त्या दुकानातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये असते म्हणे, एक बटण दाबायचा अवकाश. डबे भंगारात गेले, मास्तर गेले, माझ्या ओसरीवर पेट्या येईनाशा झाल्या. इतकी वर्षं मी समजत होतो की त्याने माझा कान फुकटात नेला. पण त्या दुपारी माझ्या मनात काय आहे हे ओळखूनही तो डबा उघडा टाकून चहाला गेला होता. माझ्या जळफळाटापेक्षा माझ्या कानावर त्याचा भरवसा जास्त होता. एवढा भरवसा मी स्वतःवर कधी ठेवला नाही, आणि आता रोज सकाळी दूध आणताना मला त्याच्या त्या भरवशाचाही मत्सर वाटतो.