बिबट्याचे ठिपके

शेजारच्या काकू पॉलिमर क्लेची प्राण्यांची कानातली करतात. मांजर, सरडा, घुबड. डोळ्यांच्या जागी काळे मणी. फोटो बघून मात्र कधीच करत नाहीत. म्हणतात, "फोटोतलं जनावर मेल्यासारखं रायते."

गेल्या आठवड्यात आमच्या अमरावतीच्या कॉलनीत बिबट्या दिसला. संध्याकाळपासूनच सगळ्यांची दारं बंद. काकूंचं मागचं दार तेवढं सताड उघडं, आणि आमचं दोघींचं मागचं अंगण एकच. मी जाऊन ते दोनदा लावलं, त्यांनी दोनदा उघडलं.

"काकू, कावून उघडता?"

"त्याचे ठिपके जमून नाही राहिले मले," त्या क्ले मळत शांतपणे म्हणाल्या.

आज सकाळी त्या हसत आल्या. माझ्या मुलीच्या तळहातावर त्यांनी इवलासा बिबट्या ठेवला.

ठिपके जमले होते.