मिटल्या डोळ्यांतली रांगोळी

अर्धशिशी उठायच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे एक कमान येते. करवतीच्या दातांची, थरथरणारी, कडेला चकाकणारी. माझ्या आईलाही ती दिसायची. डॉक्टरांना एकदा कागदावर काढून दाखवली, तर ते गोळी लिहून मोकळे झाले.

परवा लेकीबरोबर कोकणातल्या एका सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं पाहायला गेले. लेक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मासे, हरणं बघत आम्ही पुढे सरकलो आणि जांभ्या दगडात खोदलेली तीच कमान माझ्या पायाशी आली. दात तसेच, बाकही तसाच. मी खाली बसून त्या दातांवरून बोट फिरवलं. हजारो वर्षांपूर्वी इथं कुणाचं तरी डोकं असंच दुखलं असेल का?

अशाच रेघा समुद्रापलीकडच्या गुहांतही आहेत म्हणे, जिथली माणसं इथं कधी आलीच नसतील. कुणी म्हणतं, ही नक्षी बाहेर पाहून काढलेली नाहीच. डोळे मिटले की मेंदू स्वतःच घालतो ती रांगोळी आहे, आणि तिचे ठिपके सगळ्यांचे सारखेच. बरेच अभ्यासक हे मानत नाहीत. मला मात्र ते हसण्यावारी नेता येत नाही.

"आई, याला पुरावा नाही," लेक म्हणाली.

"नसेल. तू डोळे मीट आणि तळव्यांनी हलकेच दाब."

माझं मन राखायला तिनं डोळे मिटले. सड्यावर वारा सुटला होता. बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

"चल, ऊन चढलं," मी म्हणाले.

"थांब ना जरा," ती म्हणाली. तळवे अजून डोळ्यांवरच होते.