युतीच्या ऑटोत आत्या

तंजावूरला आमच्या गल्लीत माणसाचा पक्ष ओळखायला त्याच्याशी बोलावं लागत नसे. तो दाराबाहेर पडला की त्याच्या वेष्टीचा काठ बघायचा. वेष्टी म्हणजे तिकडचं पांढरं धोतर, लुंगीसारखं गुंडाळलेलं, आणि काठाला झेंड्याचे रंग. माझ्या वडिलांचा काठ वेगळा, आतोबांचा वेगळा. आत्याचं घर आमच्यापासून चार दारं सोडून. तिच्याकडे पाणी कमी आलं की ती आमच्याकडे कपडे धुवायला येई, आणि मग दोन्ही वेष्ट्या आमच्या गच्चीवर एका दोरीला शेजारीशेजारी वाळत. तेव्हा कुणाचं काही बिघडत नव्हतं.

राजवाड्यामागच्या त्या गल्ल्यांत मराठी बोलणारी घरं मोजकीच. निवडणूक आली की आमचे जुने मराठे राजे सगळ्या उमेदवारांना आठवत. एरवी नळाला पाणी नाही हे सांगायला गेलं, तर आम्ही कोण हे पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागे. असल्या मूठभर माणसांना पक्ष कशाला हवेत, असं कुणालाही वाटेल. पण वडील सरकारी कचेरीत कारकून आणि आतोबा सरकारी बसच्या डेपोत. दोन्हीकडे युनियन, प्रत्येक युनियनच्या डोक्यावर एकेक पक्ष. सरकार बदललं की बदल्यांचा सुळसुळाट, आणि बदलीपासून वाचायचं तर युनियनची छत्री हवी. दोघांनी आपापल्या कचेरीत जी छत्री आधी हाताला लागली ती धरली. तत्त्व वगैरे नंतर आलं, आणि आलं ते मात्र मुक्कामालाच आलं.

मग एकदा सरकार बदललं आणि आतोबांची बदली झाली, रामनाथपुरमच्या बाजूला, जिथं प्यायचं पाणीसुद्धा खारट. सरकार वडिलांच्या पक्षाचं होतं. आतोबांनी मनात धरून ठेवलं की मेहुण्यानं एक शब्द टाकला असता तर बदली टळली असती. वडील म्हणत, मला कुत्रं विचारत नाही तिथं. दोघंही खरं बोलत होते. वडिलांनी शब्द टाकला नाही हे खरं, आणि टाकला असता तरी तो कुणी झेलला नसता हेही तितकंच खरं. पण मेहुण्याला त्याच्याच पक्षात काडीची किंमत नाही, हे आतोबांना पटेना, आणि तसं मोठ्यानं कबूल करायला वडिलांना लाज वाटे. पुढच्या निवडणुकीनंतर आतोबा परत आले, ते रागासकट. आल्याआल्या त्यांनी आत्याला बजावलं, "त्याच्या घराची पायरी चढायची नाहीं."

आत्या सोशिक नव्हती, चांगली तोंडाळ होती. पण नवऱ्याचं तब्येतीचं रडगाणं आणि वाढलेला रक्तदाब बघून ती गप्प बसली. चार दिवसांत उतरेल राग, असं तिला वाटलं. चार दिवसांची वर्षं झाली.

आमच्या घरांत भाऊबीज असतेच, पण पोंगळच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी कणुही असतो. बायका गच्चीवर हळदीची पानं मांडून त्यावर रंगीत भाताचे घास ठेवतात, कावळ्यांना बोलावतात आणि भावाला आयुष्य मागतात. आत्या कणु नेहमी आमच्या गच्चीवर घाली. आता ती एकटी आपल्या गच्चीवर घालू लागली. त्या सकाळी वडील न चुकता आमच्या गच्चीवर टीव्हीचा अँटेना फिरवायला चढत. केबल आली, अँटेनाचं काम संपलं, तरी चढत. मधल्या गच्च्यांवरून दोघं एकमेकांकडे बघत नसल्यासारखं बघत. मला त्या दोघांची दया यायची आणि वडिलांचा रागही यायचा. चार दारं चालत जाऊन बहिणीला "चल" म्हणायला कुठल्या पक्षाची परवानगी लागते?

केबल आल्यावर तर बघायलाच नको. पक्षापक्षांची चॅनेलं निघाली. संध्याकाळी गल्लीतून चालत गेलं तर एका घरात मुख्यमंत्री देव आणि पुढच्या घरात तोच माणूस चोर. पूर्वी सगळे निदान एकच बातमी ऐकून भांडत. आता भांडायला समाईक बातमीही उरली नाही.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्या दोन पक्षांनी युती केली. काल एकमेकांची बापजाद्यांची लफडी काढणारे नेते टीव्हीवर गळ्यात गळा घालून उभे. कोपऱ्यावरच्या भिंतीवर ज्या शिव्या रंगवल्या होत्या त्यांवर चुना फिरला, आणि चुना ओला असतानाच दोन्ही चिन्हं शेजारीशेजारी आली. एव्हाना निवृत्त झालेल्या वडिलांना आणि आतोबांना आमच्या वॉर्डातून निरोप आला, मतदानाच्या दिवशी दोघांनी मिळून मतदार आणायचे.

दोघं निमूटपणे गेले! एका टेबलाशी बसले, एका फ्लास्कमधली कापी प्यायले. बोलले ते मात्र तमिळमध्ये, एकमेकांना 'सार' म्हणजे 'सर' म्हणत, "सार, ती यादी द्या", "सार, घ्या". भांडण मराठीत झालं होतं, त्यामुळे मराठीला हात लावायची सोय नव्हती. मी मत द्यायला गेले तेव्हा हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि हसावं की रडावं कळेना.

दुपारी मतदारांना आणायला पक्षाचा ऑटो आमच्या गल्लीत शिरला. पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून आतोबा, मागे वडील. मी ओसरीवर उभी होते. आत्याच्या दाराशी ऑटो थांबला. आत्या बाहेर आली, जरीची साडी नेसलेली, डोक्यात मोगरा. मतदानाला एवढा थाट कशाला, मला कळेना. ती मागे भावाशेजारी बसली. ऑटो सुरू झाला आणि आमच्या घरासमोर येताच तिनं ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली.

"हिंगा थांब." हिंगा म्हणजे आमच्या मराठीत इथं.

"बूथ पुढं आहे की," आतोबा म्हणाले. त्या ऑटोत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं मराठी वाक्य असावं.

"तुमची युती झाली म्हणून सांगितलं की टीव्हीत. मग मी माझ्या भावाच्या घरला जाते."

"ती युती पक्षाची गे," आतोबा म्हणाले. "घरची नाहीं."

आत्यानं वडिलांकडे पाहिलं. अगदी सरळ, लहान बहिणीनं थोरल्या भावाकडे बघावं तसं. त्यांनी नुसतं "जा आत" म्हटलं असतं तरी पुरे होतं. वडिलांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आधी मत देऊन ये की. मग बघूं."

आत्या उतरली. पायरी चढली, मला बाजूला सारून आत गेली आणि पितळी साखळ्यांच्या झोपाळ्यावर जाऊन बसली. बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. जरा वेळानं ऑटो निघून गेला, उरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोळा करायला.

ती दिवसभर बसली. आईशी बोलली, स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले, चिंच संपत आलीय म्हणून मला रागावली. मत द्यायला गेली नाही. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला माझ्या वडिलांची कीव आली, त्यांना तो बघायला मिळाला नाही म्हणून.

दिवेलागणीला दोघं परत आले, दमलेले, आवाज बसलेले. वडील आधी आत आले. पुष्कळ वर्षांनी बहीण त्यांच्या घरात बसली होती. ते म्हणाले, "एक मत वाया घालवलंस."

आतोबा पायरीखालीच उभे होते. तिथूनच म्हणाले, "खरंच की. वाया घालवलीस."

आत्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग मला म्हणाली, "ऐकलीस? दोघं एकदाचे एक बोलले."

तिला हसायचं होतं, पण आवाज रडवेला आला. वडील तिच्याकडे न बघता चपला काढत राहिले.