फरशीला चप्पल

डब्बेवाले मामा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. दारात कुणीही आलं की त्यांची नजर खाली. चप्पल कुठून घासली आहे, टाच कशी पडते, हे सगळं बघून झालं की मग मान वर करून "या, बसा." पहिल्या भेटीत मला वाटलं, आपण कशात तरी पाय घालून आलोय. मी तिथल्या तिथे एका पायावर उभी राहून तळवा तपासला होता.

डब्बे म्हणजे जेवणाचे नव्हेत. मामा रेल्वेत होते, आगगाडीच्या डब्यांच्या दुरुस्तीत. उभ्या नोकरीत त्यांनी एकच काम केलं. डब्याच्या जमिनीवरची फाटकी शीट उचकटायची आणि नवी अंथरायची. रिटायर होऊन रायपूरला, शंकर नगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले आणि थोड्याच दिवसांत कुणाच्याही घरची फरशी बिघडली की त्यांना बोलावणं जायला लागलं. "निम्मा देश माझ्या कामावरून चालून गेला, पोट्टी," असं छाती काढून सांगायचे. खूश असले की मी पोट्टी, आणि मी चिडले की दीदी.

आणि मी चिडायची फार. त्या उन्हाळ्यात तर कारणंही होती. स्वयंपाकघरातल्या टाइल्स फुगून वर आल्या होत्या, दोन तर निघूनच आल्या. पाइप, ओटा, सगळंच बदलायचं होतं, पण मध्येच आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. वॉकर घेऊन चालणारी आई आणि घरात दोन महिने तोडफोड, हे कसं जमणार? मोठं काम दिवाळीनंतर करायचं ठरलं. तोवर वरून काहीतरी स्वस्तातलं टाकून भागवायचं.

खरी गोम वेगळीच होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की रबरी तळाची चप्पल घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि आता पडलात तर केलं-सवरलं सगळं वाया जाईल. आईनं मान डोलावली. डॉक्टर बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "घरभर घालीन. सैपाकघरात नाही. तिथं माझे देव आहेत." काय सांगू! धड कुशीवर वळता येत नव्हतं, पण हट्ट जागच्या जागी. मी ओरडले, विनवण्या केल्या, शेवटी रडले. बाई ढिम्म. शनिवारी तिला घरी सोडणार होते, आणि घरी आल्यावर ती आधी अनवाणी ओट्यापाशी जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या आठवड्यात डोळे मिटले की मला ती पडलेलीच दिसायची.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मग तू भांडून काहून राहिली? आई चप्पल घालत नाही ना? आपण फरशीले चप्पल घालू."

तोवर मी माझ्या अकलेनं एक शीट आणूनही ठेवली होती. लाकडाच्या रंगाची, आरशासारखी चकचकीत. मामांनी आपल्या चपला दाराबाहेर काढल्या (कुणाच्याही स्वयंपाकघरात ते कामालासुद्धा अनवाणीच यायचे), शीटचा कोपरा उलगडला, त्यावर चमचाभर पाणी आणि दोन थेंब तेल टाकलं. "उभी राय." मी उभी राहिले आणि सटकन घसरले. ओटा धरला म्हणून वाचले. मामांना हसू आलं नाही. "ही बैठकीची हाय. बैठकीत पाय कोरडे येतात. सैपाकघरात ओले येतात, तेलकट येतात." त्याच संध्याकाळी शीट परत करायला ते माझ्याबरोबर दुकानात आले. दुकानदार कुरकुरला, पण मामा त्याच्या पायांकडे एकटक बघत उभे राहिले. शेवटी तो कंटाळला आणि बदलून द्यायला तयार झाला.

बदल्यात काय घ्यायचं याला मात्र तासभर लागला. मागे गोंद असलेले चौकोन मला सोपे वाटले. मामा म्हणाले, फटीतून पाणी जाते आणि उन्हाळ्यात गोंद पातळ होते. एकमेकांत अडकवायचे मऊ तुकडे होते, तर म्हणे वॉकरचा पाय त्यात रुतते. अखेर त्यांनी एक जाड, बिनचमकीची, बारीक दाण्यांची राखाडी शीट काढली. दिसायला अगदीच रया नसलेली. त्यांनी भर दुकानात तेल-पाणी टाकून मला त्यावर उभं केलं. पाय जागचा हलला नाही. घरी आल्यावर माझ्या मुलीनं नाक मुरडलं, "मम्मी, ये तो ट्रेन का फ्लोर है!" मामांना तेवढा मोठा सन्मान कधीच मिळाला नसावा. "हव, बेटा, हव," म्हणत राहिले.

गुरुवारी त्यांनी जुन्या फरशीची एकेक टाइल चमच्याच्या दांडीनं वाजवली. पोकळ आवाज आला ती उचकटली, खड्डे सिमेंटनं भरले. मी म्हटलं, "मामा, सगळं झाकलंच जाणार आहे, कोण बघतंय?" "पाय पाहते ना," ते म्हणाले.

शुक्रवारी माझं डोकं फिरलं. शीट दिवाणखान्यात उलगडून ठेवली आणि मामा चपला घालून निघाले की! "गुंडाळीतून आता निघाली ते. एक दिवस लोळू दे तिले, मग सरळ होईल."

"मामा, आई उद्या येऊन राहिली!" चिडले की माझ्याही तोंडी त्यांचीच भाषा यायची.

"मग उद्याच लावू, दीदी."

मी नाही नाही ते बोलले. ते खाली माझ्या पायांकडे बघत सगळं ऐकून गेले.

शनिवारी सकाळी सातला हजर. भिंतीपासून बोटभर जागा सोडून शीट कापली. "रायपूरचं ऊन हाय. तिलेबी अंग पसरायले जागा लागते." मी चिकटवायचा डबा आणून ठेवला होता, तो त्यांनी पायानं ओट्याखाली सरकवला. "जे पुढं काढायचं हाय ते चिकटवायचं नाही." एका कडेवर फ्रिज आला, दाराशी वॉकर अडू नये म्हणून चपटी पट्टी लावली, संपलं काम. साडेअकराला आई आली.

माझ्या अंदाजाप्रमाणेच झालं. उंबरठ्याशी तिनं चपला काढल्या, वॉकर पुढे टाकला आणि अनवाणी आत गेली. मामा दाराशी हात मागे बांधून उभे, नजर आईच्या पावलांवर. एक. दोन. तिसऱ्याला ती थांबली. "थंडगार नाही लागत गं," एवढंच म्हणाली आणि चौथ्या पावलाला ओटा गाठून तिनं चहाचं भांडं उचललं. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि सुटल्यासारखी रडले. मामांनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

दिवाळीनंतर मोठं काम निघालं. नव्या टाइल्स घ्यायला मी तेलीबांध्याच्या दुकानात गेले, ती पर्समध्ये तेलाची बाटली घेऊनच. "दीदी, ये क्या कर रही हो?" दुकानदार ओरडला, पण मी अनवाणी उभी राहून बघितल्याशिवाय एक टाइल घेतली नाही. राखाडी शीट एका ओढीत अख्खी निघाली. धुऊन, गुंडाळून जिन्याखाली ठेवली.

पुढच्या वर्षी मामा मुलाकडे नागपूरला कायमचे निघाले. मामी जाऊन बराच काळ झाला होता, आता त्यांच्याही हातात काठी आली होती. निरोप घ्यायला आले तेव्हा मी शाल काढली. "शाल नको. ते शीट हाय का अजून?"

मला कळेना. "कुणासाठी, मामा?"

ते पहिल्यांदाच पायांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. "पोराच्या घरी सगळं चकचकीत हाय, पोट्टी. सैपाकघरात चप्पल घालायची सवय नाही मले. भेव लागते."

जन्मभर दुसऱ्यांचे पाय सांभाळणारा माणूस! मी जिन्याखालची गुंडाळी स्वतः उचलून त्यांच्या रिक्षात ठेवली. चिकटवली नव्हती म्हणून ती आज त्यांच्यासोबत जाऊ शकत होती.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना, फोन केला. "लावली का?"

"लोळून राहिली. उद्या."

"मामा, घसराल आज!"

"आज सूनबाई चहा देते, दीदी."

त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन त्यांचाच आला. "तिच्यावर चाललो, पोट्टी. चहा केला. चांगली धरते पायाले."

माझ्या छातीवरचा केवढा दगड उतरला. आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती, तिला ओरडून सांगितलं, मामांनी शीट लावली, चहा केला, सगळं ठीक आहे.

लाटणं न थांबवता तिनं विचारलं, "अनवाणी ना?"

"हो आई," मी म्हटलं, "अनवाणी."