खुडबुडबाई आणि बंद कपाट

माझी आत्या भुतांचे आवाज काढायची. गळ्यातून नव्हे, हातांनी. टीव्ही तेव्हा नुकताच घरोघरी येत होता, पडद्यावर सगळं काळंपांढरं होतं, आणि दर आठवड्याला भुतांच्या जुन्या गोष्टींवरची अर्ध्या तासाची नाटकं लागायची. लोक दिवे मालवून, एकमेकांना खेटून ती बघायचे. जिन्यावरची पावलं, आपोआप सरकणारी कडी, रिकाम्या खोलीतली रेशमाची सळसळ, हे सगळं आत्याचं. आणि ते व्हायचं भर दुपारी, जेवणं आटोपल्यावर, कारण स्टुडिओ तेव्हाच मोकळा मिळे. ‘आमच्याकडची भुतं ढेकर देऊन कामाला लागतात,’ असं बाबा म्हणायचे.

स्टुडिओत तिच्या माघारी तिला खुडबुडबाई म्हणत. समोर मात्र ‘ताई’, कारण आत्यासमोर आगाऊपणा करायची कोणाची टाप नव्हती. घरीही तेच. स्वयंपाकघराचं दार करकरायचं, पण ती त्याला तेल घालू देत नसे. बाजारात कोबी कानाशी धरून दाबायची. तो कोबी शिजणार आहे की कोणाची तरी मान म्हणून मोडला जाणार आहे, हे घरी येईपर्यंत कळायचं नाही.

ती बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहायची. माझी आई बडबडी, कामं करताना गुणगुणणारी, हातातून भांडी पाडणारी. आत्याला स्वतः न काढलेला आवाज सहन होत नसे. दोघींचं कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला निदान बोलावं तरी लागतं. आई ‘वन्सं, चहा ठेवू का’ म्हणायची, आत्या मान हलवायची, आणि त्यावर आठवडा निघायचा.

मी चार वर्षांची असताना स्टुडिओत एका नाटकाची तयारी चालली होती. गोष्ट सरळ होती. एक माणूस जुन्या घरात एकटा राहायला येतो, खोलीतलं मोठं कपाट कुलूप लावून बंद करतो, आणि मग त्याला त्या कपाटातून ठोकल्याचा आवाज येऊ लागतो. शेवटी तो कुलूप उघडतो, तर आत एक बाई पाठमोरी उभी असते, केस पार गुडघ्यांपर्यंत. बस, संपलं. त्या बाईचं काम करणारी नटी ऐन वेळी गालगुंडांनी आजारी पडली. चेहरा दिसायचाच नव्हता, पण गाल पाठीमागूनही दिसत होते म्हणे. आणि माझ्या आईचे केस गुडघ्यांपर्यंत होते.

आत्याने तिचं नाव स्वतःहून सुचवलं नाही. निर्माता एकदा आत्याला न्यायला घरी आला होता, त्याला ते केस आठवले. आई हुरळून गेली. तालमीला गेली आणि अर्ध्या तासात सगळ्या स्टुडिओची वहिनी झाली. सुताराची चौकशी केली, मेकअपवालीला डोकेदुखीवर उपाय सांगितला, आणि मग भर तालमीत म्हणाली, “मी आतच आहे, तर मीच ठोकू का? खरंखुरं वाटेल.”

निर्माता हसला आणि म्हणाला, “कल्पना वाईट नाही, काय ताई?”

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. ‘तू फक्त उभी राहा, बाकीचं करायला माणसं आहेत,’ एवढंच ती बोलली. ते सगळ्यांनी ऐकलं आणि तालीम पुढे सुरू झाली.

त्या कपाटाला खरं लोखंडी कुलूप होतं, तेही आत्याच्याच हट्टाने. खोट्या कडीचा आवाज तिला पोकळ वाटायचा. कुलूप लावून नायकाने किल्ली कोटाच्या खिशात टाकायची होती. आईला आत जायला-यायला कपाटाच्या पाठीची एक फळी सरकत असे, आणि शेवटच्या प्रसंगापर्यंत ती उघडीच ठेवायची, वारा यावा म्हणून, असं ठरलं होतं. बाकीच्या फटींतून दिव्यांचा उजेड आत दिसत होता, म्हणून सुताराने सगळीकडे जाड कापडाच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. रंग अजून ओला होता.

चित्रीकरणाच्या दुपारी आई आत जाऊन उभी राहिली. आणि त्यानंतर कॅमेरावाल्याने जागा कमी पडतेय म्हणून कुरकुर केली. दोन माणसांनी मागची कापडी भिंत आणि कपाट रेटत रेटत स्टुडिओच्या खऱ्या भिंतीला नेऊन टेकवलं. आईला धक्का जाणवला. पण तिला बजावलं होतं की हूं की चूं करायचं नाही, आणि एकदा तरी सांगितलेलं ऐकावं असं तिने नेमकं त्याच दिवशी ठरवलं होतं. फळीची उघडी जागा आता भिंतीने बंद झाली होती. लाल दिवा लागला.

त्या काळी टेप कापून जोडायची सोय नव्हती. एकदा सुरू झालं की शेवटापर्यंत एका दमात जायचं. थांबलं तर पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला स्टुडिओ मिळत नसे, कारण बातम्यांची माणसं बाहेर ताटकळत असत. म्हणून लाल दिवा असेपर्यंत शिंकसुद्धा गिळायची. आधी रेडिओवर आणि मग इथे, आत्याने इतकी वर्षं ती गिळली होती.

ती तिच्या कोपऱ्यात, काळ्या पडद्यामागे बसली होती. समोर टेबलावर लाकडी खोका, खडीचा ट्रे, रेशमाचे तुकडे आणि एक मायक्रोफोन. कानांवर हेडफोन, त्यात सेटवरचा आवाज आणि वरच्या काचेच्या खोलीतून निर्मात्याच्या सूचना. तिला ऐकू यायचं, पण उलट बोलायची सोय नव्हती. बोललं असतं तर ते टेपवर गेलं असतं.

नायकाने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, पुस्तक उघडलं. आत्याचा पहिला ठोका अजून यायचा होता. तिचे हात मांडीवर होते. आणि हेडफोनमध्ये ठक, ठक असं ऐकू आलं.

“छान,” निर्मात्याचा आवाज आला. “थोडं लवकर झालं, पण छान.”

आत्याचं डोकं फिरलं. तिला वाटलं, शेवटी केलंच हिने. सगळ्यांदेखत नको म्हटलं तरी केलंच. आता ही घरी जाऊन सांगणार की वन्संपेक्षा मीच बरं ठोकलं. तिने खोका पुढे ओढला आणि आईचे ठोके झाकले जातील अशा बेताने, जोर लावून ठोकलं. आतून पुन्हा आवाज आला. आत्याने आणखी जोरात ठोकलं. आतून, मग बाहेरून, मग आतून. नायकाने पुस्तक खाली ठेवलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो मेकअपचा नव्हता.

“ताई, आज काय लागलंय तुमच्या हाताला,” निर्माता म्हणाला. “चालू ठेवा.”

ताईंनी चालू ठेवलं. रागात माणसाला स्वतःचाच आवाज गोड लागतो. किती वेळ गेला हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही. मग आतला आवाज खाली आला. उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीवरून नाही, जमिनीजवळून. आणि तो बोटांच्या सांध्यांचा नव्हता, तळहाताचा होता. आत्याचा हात हवेत थांबला. नाटकासाठी ठोकणारं कोणी खाली बसून, तळहाताने ठोकत नाही. तिने कान लावला. एकदा काहीतरी घासल्यासारखं झालं आणि मग काहीच आलं नाही.

“वा,” निर्माता म्हणाला. “ही शांतता मस्त.”

ओरडायला हवं होतं. तिने तोंड उघडलं. जन्मभर लाल दिव्यापुढे गप्प बसलेली बाई ती, ऐन वेळी तिचा आवाजच बसला. तिने हेडफोन काढले, पडदा सारला आणि चालू लागली. फ्लोअर मॅनेजरने तिची बाही धरली, तिने ती हिसडली. पायांत तिचे नेहमीचे जाड लोकरी मोजे होते, अंगात स्टुडिओचा करडा कोट, नाकावर चष्मा. ती सरळ कॅमेऱ्यांच्या समोरून, दिव्यांच्या झोतात, त्या जुन्या घराच्या खोलीत शिरली.

नायकाने तिच्याबरोबर कितीतरी नाटकं केली होती, पण पडद्यामागची ही बाई त्याने धड कधी पाहिलीच नव्हती. तो खुर्चीसकट मागे सरकला. आत्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याच्या खिशात हात घातला, किल्ली काढली. घाईत ती कुलपात उलटी लावली, मग सुलटी. गेली. कुलूप अडकलं. खऱ्या लोखंडाचं होतं ना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, दार उघडलं, आणि माझी आई केसांसकट बाहेर कलंडली.

नायक किंचाळला. वरच्या खोलीत कोणीतरी भानावर येऊन चित्र काळं केलं.

आईला उताणं केलं, तोंडावर पाणी मारलं. ओठ निळसर पडले होते. आत्या तिच्या डोक्याशी बसून तिचा हात चोळत होती. मग आईने खोकून एक मोठा श्वास ओढला. डोळे उघडले, आत्याला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे.

“तुम्ही बाहेरून उत्तर देत होतात म्हणून टिकले, वन्सं. म्हटलं, यांना कळलंय, आता येतील. म्हणून खाली बसले आणि हळूहळू श्वास घेत राहिले.”

आत्याने तिचा हात चोळणं थांबवलं नाही.

नाटक पुन्हा करायला वेळ नव्हता, म्हणून ते तसंच दाखवलं. लोकांची गाळण उडाली. केसांच्या बाईला कोणी घाबरलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते एकच, की ती चष्मेवाली, पाय न वाजवता आलेली बाई कोण होती. निर्मात्याला बढती मिळाली.

आमच्या घरात त्यानंतर आई बदलली. आत्याच्या ताटात गरम वाढल्याशिवाय कोणी घ्यायचं नाही, आत्याला बरं नसलं की आईचं पाऊल खोलीबाहेर नाही. पाहुण्यांना ती गोष्ट सांगायची, ‘वन्संनी मला ठोके देऊन जिवंत ठेवलं.’ आत्या तेवढ्यात उठून पाणी प्यायला जायची. पावलं, वारा, दारं हे सगळं ती पुढेही करत राहिली, पण ठोके तिने दुसऱ्याकडे सोपवले. बोटं दुखतात म्हणाली. बोटांना काही झालेलं नव्हतं.

त्या नाटकांच्या बहुतेक टेपा पुढे पुसून त्यांच्यावर दुसरं काही भरलं गेलं. ही कशीतरी वाचली, आणि गेल्या वर्षी जुन्या कार्यक्रमांत ती पुन्हा दाखवली. बाबा आता नाहीत. आम्ही तिघी दुपारी बसून बघत होतो. दोघींचे केस पांढरे, दोघींना ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा ठेवला होता. ठोके सुरू झाले. आई मला कौतुकाने म्हणाली, “हा माझा. हा बघ, हा वन्संचा.”

“बंद कर तो,” आत्या म्हणाली.

मी बंद केला. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये, मी उठले, तिने मला हाताने खाली बसवलं.

“मी तुला उत्तर देत नव्हते गं,” ती आईला म्हणाली. “मला वाटलं, तू माझं काम हिसकावून घेतेयस. मी तुझा आवाज बुडवत होते. तू आत मरत होतीस आणि मी तुझा आवाज बुडवत होते. इतकी वर्षं तू मला ताटं वाढलीस, आणि मी जेवले.”

आई काय करेल हे मला सांगता येत नव्हतं. एवढ्या वर्षांचा तिचा सगळा जीव त्या एका समजुतीवर उभा होता, आणि तो समज आत्याने तिच्या पुढ्यात फोडला होता. आई बंद टीव्हीकडे बघत राहिली. एकदा तिने हात मागे ओढून घेतला, पदराखाली काहीतरी लपवल्यासारखा. आत्याने डोळे मिटून घेतले.

“मला आत धीर आला होता,” आई शेवटी म्हणाली. “तो खरा होता, वन्सं. त्याच्यावर मी जगले. आता म्हातारपणी तो परत मागू नका.”

आत्या रडली. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ती चांगलं मोठ्याने रडली.