रिकाम्या खणांचा कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर कोकण रेल्वेने आला. रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. धाकटे दीर मुंबईहून खोकी घेऊन रत्नागिरी स्टेशनावर उतरले, तेव्हा रिक्षा करून मामंजी स्वतः त्यांना आणायला गेले. मामंजी म्हणजे माझे सासरे. कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, पावस गावात आंब्याची थोडी कलमं असलेले, आणि वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या टेंडर नोटिशीपर्यंत वाचल्याशिवाय आंघोळीला न उठणारे.

मी तेव्हा घरच्या घरी लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायचं ठरवलं होतं. त्यासाठी दिरांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत फिरून एकेक भाग निवडला आणि जोडून घेतला. त्याची मुख्य पेटी म्हणजे टॉवर, तो इतका उंच की टेबलाखाली मावेना. शेवटी टेबलाशेजारी, तांदळाच्या पिंपाला लागून, एका पाटावर त्याला बसवलं.

दिरांनी बाजूचा पत्रा काढून आतलं दाखवलं. मामंजी वाकून बघत राहिले आणि अर्धा रिकामाच कसा आणलास, म्हणून त्यांनी मुलाला विचारलं. पुढेमागे काय काय लागेल ते बसवायला जागा सोडलीय, असं दिरांनी समजावलं. मामंजींना ते एकदम पटलं. कलमं लावतानाही असंच अंतर सोडायचं असतं, मोकळं दिसतं म्हणून मध्ये काही लावणारा पुढे पस्तावतो, असं त्यांनी आम्हालाच सांगितलं. त्या दिवसापासून ते त्याला कपाट म्हणू लागले.

कपाट हळूहळू भरत गेलं. सीडी ड्राइव्ह आला, गाण्यांसाठी साउंड कार्ड आलं. पावसाळ्यात हवा इतकी दमट व्हायची की कॉम्प्युटर सुरू व्हायला कुरकुर करी. मग मी पत्रा काढून उबेसाठी शेजारी टेबललॅम्प लावून ठेवायची. एकदा आत मुंग्यांनी अंडी घातली. मामंजींनी जुन्या दाढीच्या ब्रशने ती हलक्या हाताने झाडून काढली.

पुढे त्यांची नजर उतरायला लागली. मोतीबिंदू काढून झाला होता, पण डोळ्याचा पडदाच झिजत चाललाय, त्याला चष्मा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडेकडेचं दिसे, नेमकं समोरचं पुसट. चालणं, जेवणं, बागेत जाणं अडलं नाही. अक्षर मात्र गेलं. भिंग आणून पाहिलं, पण हात थरथरत, त्यामुळे ओळ सुटायची. तरी सकाळी पडवीत पेपर मांडीवर घेऊन ते बसायचेच. मी वाचून दाखवायला लागले, तर थोड्याच दिवसांत त्यांनी थांबवलं.

"तू तुला हवं ते वाचतेस गो," ते म्हणाले. रागाने नाही. आणि खरंच होतं ते. टेंडर नोटिशी कोण वाचून दाखवणार?

पत्रिकांवर गणपती, कलश छापायचे म्हणून मी स्कॅनर घेतला. त्याच्याबरोबर एक कार्ड आलं होतं, ते माझ्या नवऱ्याने रिकाम्या जागी बसवलं. चालतो का पाहायला हाताशी होता म्हणून त्या दिवशीचा पेपर काचेवर ठेवला. पडद्यावर बातमी उमटली. अक्षर नीट आलंय का बघायला मी ते मोठं केलं, आणखी मोठं केलं, तळहाताएवढं केलं. मामंजी मागून पाणी प्यायला चालले होते. ते थांबले. मान थोडी तिरकी केली आणि एकेक शब्द लावत वाचू लागले, "गुहागर... तालुक्यात... सुपारीला..."

मी वळून पाहिलं.

"पुढे सरकव," ते म्हणाले.

मी सरकवत गेले, ते वाचत गेले. नवरा स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच उभा होता. सुपारीच्या भावाची साधी बातमी होती ती. संपल्यावर मामंजींनी खुर्ची ओढली आणि दुसरं पान लावायला सांगितलं. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून सकाळ त्यांची झाली. स्कॅनरची काच लहान, म्हणून पेपर घड्या घालून तुकड्यातुकड्याने लावावा लागे. बाणांची चार बटणं बोटांना सापडावीत म्हणून मी त्यांवर माझ्या टिकल्या चिकटवल्या. चित्र मोठं केलं की कॉम्प्युटर रखडायचा आणि मामंजी वैतागायचे. कपाटात अजून जागा आहे ना, असं विचारून विचारून त्यांनी दिरांकडून जास्तीची मेमरी मागवून घेतली, मग दुसरी हार्डडिस्कही.

माझं काम दुपारवर गेलं, पण तोटा झाला नाही. मामंजी माझ्या पत्रिकाही तपासू लागले. एवढ्या मोठ्या अक्षरात चुकीची वेलांटी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एकदा एक वधूपिता पत्रिका न्यायला आले, तर मामंजींनी त्यांना चहा देऊन बसवून ठेवलं, कारण 'आशीर्वाद'चा रफार भलत्याच अक्षरावर गेला होता. तो दुरुस्त झाल्याशिवाय पत्रिका घराबाहेर गेली नाही.

लोकांकडे चपटे, सुटसुटीत कॉम्प्युटर आले, तरी मामंजी असेपर्यंत आम्ही तो बदलला नाही.

एका दुपारी ते आपणहून एक फोटो घेऊन माझ्याकडे आले. सासूबाईंचा होता. त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या, मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. दापोलीकडच्या मुरुडला समुद्रावर काढलेला काळा-पांढरा फोटो, त्यात चेहरा नखाएवढा. मी तो काचेवर ठेवला आणि चेहरा पडदाभर केला. मामंजी मान तिरकी करून बराच वेळ बघत होते.

"हसतेय ती," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"वाळूत चप्पल हरवली होती तिची. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की त्या दिवशी ती रागावलेली होती."

फोटो तसाच राहू दे, असं त्यांनी सांगितलं. मी पोहे करायला आत गेले. बशी घेऊन परत आले, तेव्हा ते टिकल्यांवर बोटं ठेवून फोटोत हिंडत होते. सासूबाईंच्या मागे, लांब पाण्यात काहीतरी काळं होतं. ती होडी आहे की खडक, हे त्यांना माझ्याकडून पक्कं करून घ्यायचं होतं.