पहिल्या नंबरचं वजन

काट्याची सुई पंचवीस किलोवर जाऊन अडली. आमचा टांगायचा काटा तेवढंच दाखवायचा. झोळीतली प्राची साडेचार वर्षांची होती. जमलेल्या बायका कौतुकाने बघत होत्या. मी यादीत तिच्या नावापुढे लिहिलं, पहिला नंबर.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी शहापूर तालुक्यात मुख्यसेविका होते, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी. डोळखांबच्या पाड्यांवर सुकलेली मुलं बघून नजर तशीच बसली होती. वयाप्रमाणे वजन मांडायच्या तक्त्यावरही धोक्याच्या रेघा सगळ्या खालच्या बाजूला. आटगावजवळच्या त्या सुदृढ बालक स्पर्धेत जास्त वजन म्हणजे जास्त सुदृढ, असंच मी धरलं.

बक्षीस द्यायला आलेल्या डॉक्टरबाईंनी प्राचीला पायऱ्या चढायला लावल्या. दुसऱ्याच पायरीवर ती बसली, तोंडाने श्वास घेत.

"झोपेत घोरते?"

"घोरते ना. बापावर गेली," तिची आई सुरेखा म्हणाली. बायका हसल्या.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला आत्ताच दम लागतोय. नंबर कशाचा दिलात?"

दवाखान्यातल्या मोठ्या काट्यावर वजन सत्तावीस भरलं.

दुसऱ्या दिवशी प्रश्न लिहून घेऊन मी प्राचीच्या घरी गेले. काय खाते, कधी खाते, कोण देतं, किती चालते. सकाळी साखर घातलेलं दूध आणि बिस्किटांचा पुडा. तीन वेळा भात. बाप कंपनीतून येताना रोज वडे नाहीतर जिलबी आणायचा. घर हायवेला लागून, ट्रकच्या भीतीने अंगणात खेळायची बंदी. अंगणवाडीत जायचं ते मोटारसायकलवर. उरलेला वेळ टीव्ही.

"सुरेखा, हे कमी करावं लागेल," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मॅडम, पयला पोरगा माजा सुकून गेला. तवा तुमीच बोललात, खायाला घाला, हात आखडू नका. हिला घातला. आता बोलता कमी करा. मी नक्की काय करू?"

मी त्यावेळी तसंच बोलले होते.

डॉक्टरबाईंनी सोपं करून सांगितलं. मुलीला उपाशी ठेवायचं नाही. वजन आहे तिथे थांबवायचं, उंची वाढू द्यायची. बिस्किटं, वडे बंद. भाताच्या जोडीला नाचणीची भाकर, डाळ, भाजी. अंगणवाडीत आईने हात धरून चालत न्यायचं. बाप आठवडाभर कुरकुरला. "लेकीला हातात काय देऊ मग?" मी म्हटलं, पेरू द्या.

आठ महिन्यांत उंची वाढली, वजन सत्तावीसच राहिलं. घोरणं गेलं. प्राची पायऱ्या न थांबता चढायला लागली. तालुक्याच्या ऑफिसात मात्र साहेबांनी तिच्या नावावर बोट ठेवलं.

"आठ महिने वजनवाढ शून्य? खुलासा द्या."

"साहेब, तेच हवं होतं."

"पण कुठल्या रकान्यात लिहू?"

तसा रकाना नव्हता. साहेबांनी तिला कमी वाढीच्या मुलांत घातलं.

सुरेखा दर महिन्याला काट्यापाशी यायची. आकडा तोच दिसला की तिचा चेहरा उतरायचा. "पोर बरी हाय ना?" ती विचारायची, आणि मी प्रत्येक वेळी तिला सगळं पहिल्यापासून सांगायचे. खायला घाला म्हणून सांगायला मला एक मिनिट लागलं होतं. पुरे कधी म्हणायचं, हे त्याच मिनिटात सांगायला हवं होतं.